बाई एका कपाटात नसते : सोलापुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून स्त्री-अभ्यास कसा सुरू करायचा

एम.ए.ला असताना मी 'सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया' असा विषय घेतला आणि मोठ्या तोऱ्यात एका ग्रंथालयाच्या संगणकावर 'स्त्री' हा शब्द टाकला. पानांमागून पानं भरून नावं आली. पातिव्रत्य, पाककृती, प्रसूती, संतकवयित्री, सगळ्या एका रांगेत. मग 'विडी' टाकलं. शून्य. ज्या गावाच्या पूर्वभागात दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात, त्या गावात या विषयावर एकही पुस्तक नाही, असा निष्कर्ष काढून मी घरी आले. प्रस्तावनेत 'या विषयाकडे आजवर कोणीही लक्ष दिलेले नाही' असं वाक्यसुद्धा लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीतल्या, निवृत्तीला टेकलेल्या गृहस्थांनी मान वर न करताच सांगितलं, "ताई, कामगारांत बघा की. बायका कामगारांत असतात, सहकारात असतात, आरोग्यात असतात. बायकांच्या कपाटात नसतात." प्रस्तावनेतलं ते वाक्य मी त्याच दुपारी खोडलं. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं त्यांच्या या एका वाक्याचा विस्तार आहे. पहिल्यांदाच प्रकल्प, लघुशोधनिबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा करायला बसलेल्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण सगळीकडे विडी कामगार स्त्रियांचंच ठेवलंय. तुमचा विषय वेगळा असेल तर शब्द बदला, रीत तीच.

निघण्याआधी

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ पुणे महामार्गावर केगावला आहे, शहराच्या बाहेर. 'सहज चक्कर मारून येऊ' असं तिथे होत नाही, एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. जाण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या: आज वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा आहे, बाहेरच्या वाचकाला बसता येतं का, आणि त्यासाठी कोणाचं पत्र लागतं. संलग्न महाविद्यालयाचे विद्यार्थी असाल तर ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेवा. पत्रात विषय स्पष्ट लिहून घ्या. 'संशोधनासाठी सहकार्य करावे' एवढ्याच मजकुराच्या पत्रावर आत बसू देतील, पण संदर्भ विभागातलं कपाट उघडून देताना कर्मचारी कचरतात. विषय लिहिलेला असला की तेच कर्मचारी स्वतःहून दोन पुस्तकं जास्त काढून देतात, हा माझा अनुभव.

विद्यापीठात पाटीवर 'ग्रंथालय' दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. नव्या विद्यापीठ कायद्यापासून त्याला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हणतात. पिशवी बाहेर ठेवावी लागते, म्हणून वही, पेन्सिल, चार्जर, सुटे पैसे असं हातात मावेल तेवढंच न्या. एप्रिल-मेमध्ये पाण्याची बाटली विसरलात तर दुपारी दोननंतर अभ्यास होणार नाही. सोलापूरचं ऊन काही नवं सांगायला नको. आणि डब्यात शेंगाची चटणी असेल तर जेवून हात साबणाने धुवा. १९७७ च्या गॅझेटियरच्या, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाच्या, पानावर कोणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा मी पाहिलाय. तो माझा नव्हता, एवढं नमूद करते.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हे विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि ते विद्यापीठ १९६२ चं. म्हणजे १९८० च्या सुमारास सोलापूरच्या गिरणी कामगारांवर कोणी प्रबंध लिहिला असेल, तर त्याची प्रत कोल्हापूरला असण्याची शक्यता जास्त. नवख्यांची मोठी फसगत इथे होते. केगावला मिळालं नाही म्हणजे लिहिलंच गेलं नाही, असं ते धरून चालतात.

आधी प्रश्न लहान करा

'सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया' हा प्रश्न नाही, मथळा आहे. मला काय हवंय? मजुरी? तंबाखूच्या धुळीने होणारा खोकला? घराची मालकी? आईकडून मुलीकडे गेलेलं काम? प्रत्येक प्रश्नाचं कपाट वेगळं आहे.

घराचंच बघा. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली घरं त्यांच्या ताब्यात आली, आणि तिला नाव कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांचं. स्त्री-अभ्यासासाठी याहून चांगला विषय कुठला? पण ग्रंथालयात तो 'गृहनिर्माण', 'सहकार', 'कामगार संघटना' आणि 'नगरनियोजन' अशा चार ठिकाणी विखुरलेला असणार. 'स्त्री' या शब्दाखाली तो येईलच याची काही खात्री नाही.

म्हणून घरीच एका कागदावर प्रश्न एका वाक्यात लिहा, प्रश्नचिन्हासकट. माझा शेवटी असा झाला: 'घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कायदा कामगार मानतो, तर जनगणना तिला काय म्हणते?' वाक्य हातात आलं की कोणती कपाटं उघडायची ते आपोआप कळतं.

शब्दांचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पुस्तक कपाटात असतं, तुम्हीच त्याला चुकीच्या नावाने हाक मारत असता.

पहिली अडचण लिपीची. मराठी पुस्तकांची नोंद संगणकीय तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, तीन तऱ्हांनी झालेली असते. काही नोंदी नीट देवनागरीत, काही रोमन अक्षरांत, आणि काही जुन्या फॉन्टमध्ये, ज्या आजच्या संगणकावर नुसती चित्रविचित्र चिन्हं होऊन दिसतात. रोमनमध्येही 'स्त्री' कोणी एका 'आय'ने लिहिलंय, कोणी दोन 'ई'ने. म्हणून एकच शब्द तीन-चार प्रकारे टाकून बघा. विडीची तर तऱ्हाच न्यारी. मराठीत विडी आणि बिडी दोन्ही, इंग्रजीत बी-आय-डी-आय, बी-डबलई-डी-आय, आणि बंगालकडच्या लेखकांनी लिहिलेलं बी-आय-आर-आय. मला पहिल्या दिवशी शून्य का मिळालं ते आता कळलं असेल. 'तंबाखू उद्योग' म्हणूनही शोधा. 'घरखेप कामगार', म्हणजे माल घरी नेऊन काम करणारे, म्हणून शोधा. इंग्रजीत 'होम-बेस्ड वर्कर' हा शब्द टाकलात तर अर्ध्याहून जास्त मजकूर तिथेच सापडेल.

दुसरी अडचण गावाच्या नावाची. इंग्रजांच्या काळातल्या बहुतेक कागदांत सोलापूर हे 'शोलापूर' आहे, एस-एच-ओने सुरू होणारं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड १८८४ चा. तो 'एस-ओ'ने शोधलात तर हाती लागणार नाही.

तिसरी अडचण काळाची. प्रत्येक पिढीने बाईला वेगळं नाव दिलं आणि तालिका ती नावं जशीच्या तशी सांभाळून ठेवते. एकोणिसाव्या शतकाचं काही हवं असेल तर 'लिंगभाव' (इंग्रजीतलं 'जेंडर') टाकून उपयोग नाही, तो शब्दच तेव्हा नव्हता. तिथे पुनर्विवाह, केशवपन, संमतिवय, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे शब्द चालतात. इंग्रजीत 'फीमेल एज्युकेशन', 'विडो रीमॅरेज'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'भगिनी' आणि 'महिला' येतात. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर 'स्त्रीमुक्ती' सर्वत्र दिसू लागतं, आणि 'लिंगभाव' त्याच्याही नंतर. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी विधवांसाठी आणि टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. त्याचं नाव 'बालहत्या प्रतिबंधक गृह'. नावात विधवा नाही, बाई नाही, आई नाही. तुम्ही 'विधवा आश्रम, पंढरपूर' शोधत बसाल आणि ते समोरून निघून जाईल.

चौथी अडचण लेखिकांच्या नावांची, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. पुरुष लेखक जन्मभर एका आडनावाखाली असतो. बाईचं तसं नाही. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावं. पहिलं माहेरचं, दुसरं सासरचं, तिसरं टोपणनाव. तिन्ही शोधा. उलट, एका नावाच्या तीन बायकाही असतात. 'रमाबाई' टाकलं की पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर एकत्र येतात. त्यात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंडजवळच्या केडगावचं आणि आपलं विद्यापीठ केगावचं. घाईत वाचताना माझी एकदा खरोखर गल्लत झाली होती, हसू नका.

बोलीतल्या मथळ्यांकडेही लक्ष असू द्या. शांताबाई कांबळे या महूदच्या, म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या. याच जिल्ह्यात त्या शिक्षिका होत्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. तुम्ही शुद्धलेखनाच्या सवयीने 'माझ्या जन्माची' टाकाल आणि संगणक 'नाही' म्हणेल. तो बरोबर आहे, तसं पुस्तक खरंच नाही.

हे सगळे शब्द कागदावर आडवे-उभे लिहा: मराठी, इंग्रजी, जुने, नवे, बोलीतले. माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. तो अजून ठेवलाय.

कपाटांपाशी

संगणकावर पुस्तक सापडलं की त्याचे दोन आकडे उतरवून घ्या. दाखलांक म्हणजे त्या प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक. वर्गांक म्हणजे पुस्तकाचा कपाटातला पत्ता. नवखे दाखलांक लिहितात आणि कपाटासमोर उभे राहून डोकं खाजवतात. कपाटाशी जाताना वर्गांक हवा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन, पुस्तकं लावलेली असतात. आज स्त्रियांविषयीच्या पुस्तकांचा मुख्य पत्ता ३०५.४. स्त्री कामगार ३३१.४, स्त्रियांसाठीच्या कल्याणकारी सेवा ३६२.८३, सहकार ३३४, घरांचा प्रश्न ३६३.५, कामाच्या जागी होणारे आजार ६१३.६२, मराठी साहित्य ८९१.४६. माझ्या त्या एका विषयासाठी मला ही सगळी कपाटं पालथी घालावी लागली.

पण ३०५.४ हा पत्ता नवा आहे, १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीपासूनचा. त्याआधी काही काळ ही पुस्तकं ३०१.४१२ मध्ये होती आणि त्याहून आधी ३९६ मध्ये. ३९० म्हणजे चालीरीती. पेहराव, लग्नविधी, मर्तिकाचे विधी, आणि त्यांच्याच शेजारी बाई. ड्यूईने आपली पद्धत १८७६ मध्ये छापली. चालीरीतींच्या कपाटातून उठून समाजगटांच्या कपाटात येऊन बसायला बाईला शतक लागलं. ही गंमत म्हणून सांगत नाही. जुन्या ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांचे क्रमांक कोणी बदलत बसत नाही. शहरातल्या जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयात गेलात तर ३९६ आणि ३०१.४१२ या दोन्ही जागा मुद्दाम बघा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी आलेली पुस्तकं अजून तिथेच बसलेली असतात.

हवं ते पुस्तक काढल्यावर त्याच्या डावी-उजवीकडची दहा पुस्तकं चाळा. सूची आणि अनुक्रमणिका बघा, तेवढं पुरे. सूचीत 'स्त्रिया' नसेल तर 'कुटुंब', 'मजुरी', 'बालकामगार', 'घरगुती उद्योग' बघा. काढलेलं पुस्तक परत कपाटात स्वतः ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक पुढच्या वाचकासाठी हरवलेलंच असतं.

नियतकालिकं

पुस्तकात जे यायला दहा वर्षं लागतात ते मासिकात पुढच्या महिन्यात येतं. मराठीत बायकांनी बायकांशी केलेला संवाद वाचायचा तर 'स्त्री' मासिकाचे जुने अंक शोधा. ते १९३० मध्ये किर्लोस्करांनी सुरू केलं. पुढे 'बायजा', आणि १९८९ पासून विद्या बाळ यांचं 'मिळून साऱ्याजणी'. लेख तर वाचाच, पण वाचकांची पत्रं आणि जाहिराती सोडू नका. शिवणयंत्राची जाहिरात कोणत्या सालापासून 'घरबसल्या कमवा' म्हणायला लागते, हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नसतं.

बांधीव खंड बहुतेकदा आतल्या खोलीत असतात. मागणीपत्र भरावं लागतं आणि आणून द्यायला वेळ लागतो, म्हणून सकाळी आल्या आल्या मागणी द्या आणि तोवर कपाटं बघा. जुना कागद ठिसूळ असतो. झेरॉक्सला नकार मिळाला तर हुज्जत घालू नका, मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मागा.

इंग्रजीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधली स्त्री-अभ्यासाची खास पुरवणी आणि 'इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज' या दोन्हींपासून सुरुवात करा. लेख लांब वाटला तर त्याची संदर्भसूची आधी वाचा. कोणी कोणाला आधार मानलंय ते तिथे दिसतं आणि तुमचा पुढचा आठवडा कुठे जाणार तेही कळतं.

ई-नियतकालिकांची सोय आता बरीच वाढली आहे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना एकत्र खुली करून देणारी ती योजना आहे. तुमचं खातं त्यात कसं उघडायचं आणि घरून लेख उतरवता येतात का, हे ग्रंथालयातच विचारा. एका लेखासाठी तीन-चार हजार रुपये मागणारं संकेतस्थळ दिसलं की पैसे भरू नका. आधी ग्रंथपालांना त्याचा मथळा पाठवा.

शोधगंगा, आणि तिच्यात न बुडण्याविषयी

देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. इथेही शब्दांचा तोच कागद बाहेर काढा, कारण मराठीतल्या प्रबंधाचं शीर्षक रोमन लिपीत नोंदवलेलं असू शकतं. विद्यापीठाच्या नावानेही शोधता येतं. सोलापूरबरोबर शिवाजी विद्यापीठ बघायचंच, शिवाय एसएनडीटी (मुंबईचं महिला विद्यापीठ), पुणे आणि मराठवाडाही.

प्रबंध कसा वाचायचा? पूर्ण वाचू नका. मागच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण, संशोधन पद्धती आणि संदर्भसूची, एवढं आधी. मुलाखती कुठे घेतल्या, किती बायकांशी बोलले, प्रश्नावली कोणत्या भाषेत होती? सोलापुरात हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात तेलुगू बोलतात. मराठी प्रश्नावलीवर 'होय-नाही' मिळवलेला निष्कर्ष आणि तेलुगूत तासभर बसून ऐकलेली गोष्ट यांना एकाच तराजूत तोलू नका. आणि प्रबंध छापलेला आहे म्हणून तो खरा, असंही मानू नका. दोन प्रबंधांत एकच परिच्छेद शब्दशः मी वाचलाय. दोघांपैकी कोणी कोणाचा उचलला, हे मला अजून उमगलेलं नाही.

सरकारी कागद : कंटाळवाणे आणि सोन्यासारखे

माझ्या मते सोलापूरच्या बाईचा इतिहास कवितांपेक्षा सरकारी अहवालांत जास्त आहे. तो तिथे असणार असं कोणाला वाटत नाही, म्हणून तो तसाच पडून राहतो.

१८८४ च्या गॅझेटियरपासून सुरू करा. लोकसंख्येच्या प्रकरणात जातवार वर्णनं आहेत, आणि 'बायका पुरुषांना मदत करतात' अशा छापाची अर्धी अर्धी वाक्यं. हातमागावर कांड्या भरणं, सूत उकलणं या कामांना 'मदत' म्हटलं की ती मोजायची गरज उरत नाही. ही अर्धी वाक्यं गोळा करा. मग १९७७ चं सुधारित गॅझेटियर घ्या आणि त्याच घरांतल्या त्याच बायकांविषयी नव्वद वर्षांनी काय म्हटलंय ते शेजारी ठेवा. गॅझेटियर राज्य सरकारने ऑनलाइनही ठेवलेली आहेत.

गिरण्यांच्या काळासाठी मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसची प्रकाशनं बघा. १९२१ पासूनचं 'लेबर गॅझेट' आहे, आणि त्याच दशकात सोलापूर शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची झालेली पाहणीही. घरात ज्वारी किती, तेल किती, कर्ज किती. स्वयंपाकघराचा हिशेब आहे तो, म्हणजे बाईचाच. १९३१ चा रॉयल कमिशनचा कामगारविषयक अहवाल आणि त्याचे साक्षींचे खंडही पाहा. विषय 'सेटलमेंट'मधल्या स्त्रियांचा असेल तर गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या वसाहतींचे वार्षिक अहवाल शोधावे लागतील. तो कायदा १८७१ चा, रद्द झाला १९५२ मध्ये. या कागदांतली भाषा वाचताना संताप येतो. उतरवून घेताना ती सौम्य करू नका. अवतरणचिन्हात जशीच्या तशी ठेवा.

स्वातंत्र्यानंतरचे दोन अहवाल चाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९७४ चा भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी', आणि १९८८ चा 'श्रमशक्ती'. दुसरा स्वयंरोजगार आणि असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांवरचा आहे, इला भट त्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या.

कायद्याच्या कपाटातून विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा काढा; नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली. मूळ कलमं वाचा, गाइड नको. पाळणाघराची तरतूद त्यात होती. मालकाने खराब म्हणून नाकारलेल्या विड्यांवरून वाद झाला तर तो कुठे मिटवायचा, तेही होतं. कायद्याला एवढं बारीक लिहावं लागलं, म्हणजे भांडण रोजचं होतं. मग जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडा. तिथे कामगारांचे चार गट दिसतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. त्यातही वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणारे 'सीमांतिक'. घरी विड्या वळणारी बाई यातल्या कोणत्या रकान्यात पडली, आणि गणकाने प्रश्न कोणाला विचारला, तिला की तिच्या नवऱ्याला? माझा प्रश्न इथेच जन्मला. आरोग्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१५-१६ आणि २०१९-२१ ची जिल्हा पत्रकं घ्या; सोलापूरचं वेगळं पत्रक मिळतं.

केगावबाहेर

शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशा जुन्या महाविद्यालयांची ग्रंथालयं आहेत. विद्यापीठापेक्षा ती वयाने मोठी, म्हणून जुनं मराठी पुस्तक तिथे सापडण्याची शक्यता जास्त. स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठीही चौकशी करा. संप, मोर्चा, पगारवाढ याच्या तारखा आधी दुसरीकडून काढून ठेवा, नाहीतर फायलींचा ढीग बघूनच हातपाय गळतात.

एखादं पुस्तक मुळात छापलं गेलं होतं की नाही, असा प्रश्न पडला तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. 'दाते सूची' म्हटलं की जाणत्या ग्रंथपालांना कळतं. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ती यादी आहे. पुण्या-मुंबईला जाणं झालं तर एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र, जे १९७४ पासूनचं आहे, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र. पण आधी इथलं संपवा. तिकडे गेल्यावर 'सोलापूरचं गॅझेटियर बघितलंत का?' हाच पहिला प्रश्न येतो.

टिपणं

एका टिपणावर एकच मुद्दा. वर लेखिकेचं नाव, पुस्तक, प्रकाशक, साल, आवृत्ती, पान, आणि कोणत्या ग्रंथालयातला कोणता वर्गांक. पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. 'नंतर बघू' म्हणून सोडलेल्या एका पानासाठी मी दोनदा केगावची बस पकडली आहे. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतं. शके १८०४ म्हणजे १८८२. वर्षाअखेरचे महिने असतील तर एखादं वर्ष पुढे सरकतं, तेवढं सांभाळा. लेखिकेचं म्हणणं, तिचे शब्द आणि तुमचं मत या तिन्हींसाठी तीन रंग वापरा. रंग नसतील तर निदान समासात खूण करा, चार महिन्यांनी कोणतं वाक्य कोणाचं हे आठवत नाही.

आणि ग्रंथपालांशी बोला. 'माझ्या विषयावर काय आहे?' असं नका विचारू. 'हे एवढं पाहिलं, हे शब्द टाकले, इथे अडकले' असं सांगा. पहिल्या प्रश्नाला बोटाने कपाट दाखवलं जातं, दुसऱ्याला माणूस खुर्चीतून उठतो.

सादर करताना

लघुशोधनिबंध किंवा प्रबंध जमा करताना एका अर्जावर 'मुख्य शब्द' लिहायला जागा असते. बहुतेक जण मार्गदर्शक सांगतील ते दोन-तीन शब्द घाईघाईने टाकून मोकळे होतात. तिथे तुमचा शब्दांचा कागद उघडा. विडी, बिडी, इंग्रजीतली सगळी स्पेलिंगं, सोलापूर आणि शोलापूर, स्त्री कामगार, घरखेप, घरगुती उद्योग, सहकारी गृहनिर्माण. देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे. जागा पुरली नाही तर देवघेवीच्या खिडकीत विचारा. मी विचारलं तेव्हा त्यांनी एक जोडकागद टाचून दिला आणि म्हणाले, "लिहा सगळं. पुढची पोरगी 'विडी'च टाकणार आहे."